बारा सेकंद, एक फाक

माझ्या मामेसासऱ्यांनी या जगातली एकही हलणारी गोष्ट मोजल्याशिवाय पुढे जाऊ दिलेली नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मुक्काम वडगाव रासाई, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा शर्ट, डोक्याला टोपी आणि डाव्या मनगटावर एक स्विस घड्याळ. तसलं घड्याळ शिरूर आणि दौंड तालुक्यांत दुसऱ्या कुणाच्या हातावर मी तरी पाहिलेलं नाही. चुलीवर चहाचं आधण ठेवलं की मामांचा उजवा अंगठा त्या घड्याळाच्या बटणावर जातो आणि उकळी फुटली की पुन्हा दाबला जातो. ‘तीन मिनटं चाळीस. काल तीन पस्तीस व्हतं. लाकडं वली हायेत,’ असा निकाल लागतो. मामी म्हणतात, ‘ह्या मानसाच्या घरात चहासुदिक घाबरून उकळतो.’ म्हशीची धार, मोटर चालू केल्यापासून शेवटच्या वाफ्यात पाणी पोचायला लागणारा वेळ, सत्यनारायणाच्या कथेचा एकेक अध्याय, पुढाऱ्याच्या भाषणातलं ‘दोनच शब्द बोलतो’पासून ‘जय हिंद’पर्यंतचं अंतर, सगळं मामांना तोंडपाठ. एकदा शेजारचे दोघे भाऊ बांधावरून तावातावाने भांडत होते. मामा मधे पडले नाहीत. भांडण थांबल्यावर एवढंच म्हणाले, ‘बावीस मिनटं. मागच्या येळंपरास चार मिनटं कमी. दमला का काय?’ दोघे भाऊ हसायला लागले आणि त्या दिवसापुरता बांध आहे तिथे राहिला.

मी शिरूरला शाळेत शिकवतो आणि सगळीकडे उशिरा पोचतो. त्यामुळे मामांचं माझ्यावर विशेष लक्ष असतं. आमच्या लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा होता. आमच्याकडे मुहूर्त ही पत्रिकेत छापायची गोष्ट आहे, ती कुणी मनावर घेत नाही. मामांनी घेतली. मी घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला गेलो होतो आणि मित्रांचा नाच काही केल्या आवरत नव्हता. मामा गर्दीतून वाट काढत आले, घोड्याचा लगाम धरला आणि म्हणाले, ‘पाव्हणं, अकरा मिनटं ऱ्हायलीत. घोडं पळवता का तुम्ही पळता?’ मी उतरून पळालो. मुंडावळ्या सावरत मांडवात शिरणारा नवरदेव लोकांनी त्या दिवशी प्रथमच पाहिला असेल. तरीही मान्यवरांचे आशीर्वाद लांबले आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा बारा सदतीस झाले होते. तेव्हापासून आम्हा नवराबायकोत कुरबुर झाली की मामा दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतात आणि सांगतात, ‘दोन मिनटं उशीर झाला व्हता. यवढं तेवढं व्हनारच.’

घड्याळ त्यांच्याकडे आलं ते दौंडहून. मामांचे वडील दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. तिथला एक गोरा ड्रायव्हर नोकरी सोडून कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला कायमचा निघाला. जाताना त्याने आपल्या वस्तू शेडमधल्या माणसांना वाटल्या. मामांच्या वडिलांना सायकल हवी होती. सायकल दुसऱ्याने मागितली म्हणून यांच्या वाट्याला घड्याळ आलं. ते बिचारे पुढे कित्येक वर्षं ‘सायकल ग्येली’ म्हणून हळहळत होते. घड्याळ बनवणाऱ्या कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. मामा करतात तसा उच्चार लिहिला तर कंपनी रागावेल आणि खरा लिहिला तर मामा. एवढं सांगतो की ते साधं वेळ सांगणारं घड्याळ नाही. मोठ्या तबकडीत ताटातल्या वाट्यांसारख्या तीन छोट्या तबकड्या आहेत, चावीच्या दोन्ही अंगांना एकेक बटण आहे. वरचं दाबलं की लांब काटा पळू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की टुणकन बाराच्या खुणेवर परत येतो. काचेभोवती आकड्यांची पट्टी आहे. किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत काटा पळवला की तो ज्या आकड्यावर थांबेल तो गाडीचा वेग. गोरा ड्रायव्हर त्यावर इंजिनाचा वेग मोजायचा. मामा वडापच्या, म्हणजे शिटा भरून पळणाऱ्या, जिपा मोजतात. एकदा न्हावऱ्याच्या रस्त्याला मागच्या बाकावरून ओरडले, ‘ड्रायव्हर, बहात्तरनं चाललाय तुम्ही!’ ड्रायव्हर म्हणाला, ‘आबा, माझा मीटर तर शून्य दाखवतोय.’ मामा म्हणाले, ‘म्हनूनच सांगतोय.’

पण या सगळ्या किरकोळ मोजण्या. घड्याळाचं खरं काम यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात असायचं. आमच्याकडचा गाडा सपाटीवर पळत नाही, चढावर पळतो, आणि एका वेळी एकच पळतो. त्याची शर्यत दुसऱ्या गाड्याशी नसते, सेकंदांशी असते. खाली निशाण पडलं की घड्याळ सुरू, वरची रेघ ओलांडली की बंद. बारा सेकंदांत किंवा त्याच्या आत आला तर पहिला नंबर, त्याच्यावर गेला तर दुसरा. अशा घाटात घड्याळावर बसणाऱ्या माणसाचा शब्द अखेरचा, आणि चाळीस वर्षं तिथे मामा बसत. त्यांच्या घड्याळात एका सेकंदाचे पाच भाग दिसतात. त्या पाचव्या भागाला मामा फाक म्हणतात, संत्र्याची असते तशी. माईकवर ‘अकरा सेकंद, तीन फाका’ असं पुकारलं की घाटातला कुणीही माणूस वाद घालत नसे. मामांचा अंगठा आणि स्वित्झर्लंडचं घड्याळ यांच्यावर लोकांचा सारखाच विश्वास होता.

एका माणसाने मात्र वाद घातला, आणि तो माणूस म्हणजे माझे सासरे. सासरे मांडवगण फराट्याचे, मामांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मामा त्यांना दाजी म्हणतात. दोघांची दोस्ती इतकी की माझ्या सासूबाई म्हणायच्या, ‘मला बघायला आले व्हते, का माझ्या भावाला, त्येच कळंना.’ सासऱ्यांचा हरण्या नावाचा बैल होता. शर्यतींवर बंदी आली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. केंदूरच्या पलीकडच्या घाटात हरण्याचा गाडा असा काही आला की वरच्या माणसांनी टोप्या उडवल्या. मामांनी घड्याळ पाहिलं, परत पाहिलं, माईक हातात घेतला आणि सख्ख्या दाजींसाठी पुकारलं, ‘बारा सेकंद, येक फाक. दुसरा नंबर.’ सासरे घाट चढून वर आले. म्हणाले, ‘घड्याळ खोटं हाय.’ मामा म्हणाले, ‘दाजी, घड्याळ खोटं बोलत न्हाई.’ ‘मग तू बोलतूस,’ असं म्हणून सासरे खाली उतरले आणि त्या दिवसापासून ते मामांशी एक शब्दही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी बंदी आली. हरण्याला पुन्हा पळून दाखवायची संधी मिळालीच नाही. बंदी उठायची वाट बघत तो गोठ्यातच म्हातारा झाला आणि गेला.

अबोल्याच्या त्या वर्षांत दोघांमधली तार मी होतो. एकाच पंगतीत, एकमेकांशेजारी बसून मामा म्हणायचे, ‘पाव्हणं, दाजींना म्हनावं भात घ्या.’ मी सासऱ्यांना म्हणायचो, ‘भात घ्या म्हणतायत.’ सासरे म्हणायचे, ‘जावईबापू, त्यास्नी सांगा पोट भरलं.’ भाऊबीजेला मामा ओवाळून घ्यायला मांडवगणला येत. ते यायच्या आधी सासरे पाणी बघायचं निमित्त काढून शेतात जात आणि उन्हात उभे राहत. मामांना हे ठाऊक होतं. म्हणून ते आल्या आल्या बटण दाबत आणि बरोबर पंचवीस मिनिटांत उठत. सासूबाई म्हणत, ‘बस की रं अजून.’ मामा म्हणत, ‘नगं. दाजी उन्हात हायेत.’ मला त्या दोघांचा राग यायचा आणि दोघांवर माया पण दाटून यायची.

गेल्या वर्षी मी एक उद्योग केला. मामांच्या मनगटाचा फोटो काढून जुन्या घड्याळांच्या शौकिनांच्या एका ग्रुपवर टाकला. दुसऱ्याच दिवशी पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला आणि रविवारी ते स्वतःच गाडी घेऊन वडगाव रासाईला हजर झाले. सोबत भिंग, पांढरे हातमोजे आणि एक छोटी पेटी. मामांना ते एकदम आवडले, कारण त्यांनी दहा वाजता येतो म्हटलं होतं आणि ते नऊ अठ्ठावन्नला आले. त्यांनी हातमोजे घातले तेव्हा मामी मला हळूच म्हणाल्या, ‘ऑपरेशन हाय का?’

त्यांनी घड्याळ हातात घेतलं आणि ‘वा!’ म्हणाले. काळी तबकडी उन्हाने तपकिरी झाली होती, ते फार चांगलं म्हणे. असा रंग मुद्दाम आणता येत नाही, शौकीन लोक त्यासाठी वेडे होतात. केसवरचे ओरखडेही चांगले, कारण त्याला कधी पॉलिश झालेलं नाही. मामा कॉलर ताठ करून बसले. पण नंतर ‘अरेरे’ सुरू झालं. चामड्याचा मूळ पट्टा? तो कधीच तुटला, आताचा शिरूरच्या बाजारात बैलाच्या घुंगुरमाळेच्या कातड्यातून शिवून घेतलेला. अरेरे. काच? दर दिवाळीला टूथपेस्टने घासलेली. अरेरे. पाठीमागे सोनाराकडून कोरून घेतलेलं ‘दहा सेकंद, चार फाका’ हे काय? ‘आमच्या घाटातला सगळ्यात येगवान गाडा,’ मामा अभिमानाने म्हणाले. अरेरे. गृहस्थांनी विचारलं, ‘मूळ डबा आहे का? कागद?’ कागद होता. फ्रेंचमध्ये असल्यामुळे महत्त्वाचा असणार म्हणून सातबाऱ्याबरोबर ट्रंकेत जपला होता. डबाही होता. मामांच्या आईने त्यात आयुष्यभर मिसरी ठेवली होती. गृहस्थांनी तो उघडला आणि त्यांना सलग सहा शिंका आल्या. मामांनी वेळ लावली.

मग ते समजावून सांगू लागले. असली घड्याळं मुळात पळणाऱ्या गोष्टींसाठी जन्माला आली. मोटारींच्या शर्यती, घोडे, विमानं, आगगाड्या. आता ते काम मशीन करतं. या प्रकारची फार थोडी घड्याळं उरली आहेत आणि ज्यांच्याकडे आहेत ते ती तिजोरीत ठेवतात. ‘तिजोरीत?’ मामा म्हणाले. ‘मग येळ कोण बघतं?’ ‘कुणीच नाही. बघितलं तर झिजतं ना.’ मामांनी त्यांच्याकडे फार कीव येऊन पाहिलं. ‘आमचं तरी कामावर हाय,’ ते म्हणाले. गृहस्थांनी देऊ केलेली किंमत ऐकून मामी आत गेल्या आणि तांब्याभर पाणी पिऊन आल्या. मामा नुसते हसले.

‘बरं, हा लांब काटा लाल कसा?’ गृहस्थांनी विचारलं. ते सोपं होतं. हरण्याची ती यात्रा आली त्या वर्षी घड्याळ अडखळत होतं म्हणून मामांनी दौंडला एका कारागिराकडून साफ करून आणलं. तेव्हाच नजरही जरा अधू झाली होती, बारीक काटा उन्हात दिसेना. म्हणून काच काढून नातीच्या नेलपॉलिशने काटा जाडजूड रंगवला. गृहस्थांनी छातीला हात लावला. ‘पुसून बघू का? खाली मूळ निळा काटा असेल.’ मामा म्हणाले, ‘बघा की.’ त्यांनी पेटीतून बारीक हत्यारं काढली, काच उघडली आणि कापसाच्या टोकाने, श्वास रोखून लाल रंग पुसला. खाली केसासारखा बारीक निळा काटा निघाला. फार सुंदर दिसत होता तो. त्यांनी खालचं बटण दाबलं, काटा टुणकन परत आला आणि बाराच्या खुणेवर न थांबता तिच्या पुढच्या बारीक रेघेवर थांबला.

‘हं, साफ करताना त्या कारागिराने काटा काढला आणि परत बसवताना एक रेघ पुढे बसवलाय,’ गृहस्थ सहज म्हणाले. ‘रंगाच्या जाडीत ते झाकलं गेलं. पाच मिनिटांचं काम आहे, मी सरळ करून देतो.’

मामा घड्याळावर वाकले. मग त्यांनी विचारलं, ‘म्हंजी दर येळंला येक फाक जास्ती दावनार?’

‘हो. पण रोजच्या वापरात काय फरक पडतो?’

बारा सेकंद एक फाक, वजा एक फाक. हिशेब मामांनी केला, मी केला, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या मामींनीही केला. गृहस्थ एकटेच आनंदात होते. मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो, ‘मामा, आता कशाला? काटा सरळ होईल, कुणाला कळणारही नाही.’ मामांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. चाळीस वर्षं घाटावर बसलेला माणूस होता तो, आणि एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहत होतो. ‘त्येला हात लावू नका,’ ते गृहस्थांना म्हणाले. ‘वाकडा हाय तसाच ठिवा. काच बसवा आन् गाडी काढा. मांडवगणला जायचंय.’

काय चाललंय हे न समजताही गृहस्थांनी गाडी काढली. भला माणूस. मामा पुढे बसले होते, घड्याळ मुठीत धरून. रस्त्यात किलोमीटरचे दगड एकामागून एक येत होते आणि जात होते. मामांनी एकाही दगडाला बटण दाबलं नाही. मला काळजी वाटू लागली.

सासरे गोठ्यात गायीला वैरण टाकत होते. मामांना बघून ते नेहमीप्रमाणे शेताकडे वळले. ‘दाजी,’ मामांनी हाक मारली. सासरे थांबले, पण माझ्याकडे बघून म्हणाले, ‘जावईबापू, काय म्हनत्यात इचारा.’ मी तोंड उघडणार तेवढ्यात मामांनी मला हाताने गप्प केलं.

‘पाव्हण्यास्नी ऱ्हाऊ द्या. मीच सांगतो. दाजी, घड्याळ खोटं व्हतं. काटा येक फाक म्होरं बसलाय. त्या साली समद्याच गाड्यांना येकेक फाक जास्ती पुकारली मी. बाकीच्यांचा नंबर बदलत न्हाई. बाराच्या हद्दीवर येकटा तुमचाच व्हता. हरण्या बाराला आला व्हता दाजी. बरोब्बर बाराला. पयला नंबर.’

सासऱ्यांनी घड्याळ घेतलं. गृहस्थांनी न सांगता भिंग पुढे केलं. सासरे भिंगातून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडेच बघत विचारलं, ‘काटा वाकडा हाय, ते सांगितलं कुनी?’ मामा म्हणाले, ‘ह्यांनी दावलं. सरळ करून देतो म्हनत व्हते.’ ‘मग का न्हाई केला, इचारा.’ ‘तुमी बघितल्याबिगर कसा करू?’

सासरे गोठ्याच्या टोकाला गेले. तिथे हरण्याचा खुंटा अजून आहे, त्याला कुठलंच जनावर बांधत नाहीत. त्या खुंट्यावर हात ठेवून ते म्हणाले, ‘ऐकलं का रं? पयला.’ सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. पुण्याचे गृहस्थ उगाच हातमोजे काढत आणि घालत होते. मग सासरे परत आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थेट मामांना म्हणाले, ‘आसं गोठ्यात सांगून न्हाई चालनार. माईकवर पुकारलं व्हतंस, माईकवर माघारी घ्यायचं.’

मामांनी तेही केलं. यंदाच्या यात्रेत त्याच घाटात ते वर चढले. बंदी उठल्यापासून तिथे सेन्सर आहे, आकडे पाटीवर आपोआप उजळतात आणि मामांना मानाची खुर्ची देतात. त्यांनी माईक मागून घेतला, टोपी काढली आणि भर घाटात सांगितलं की हरण्याच्या गाड्याला दिलेला निकाल चुकीचा होता, चूक माझी होती, त्या गाड्याची वेळ बारा सेकंद, पहिला नंबर. त्यांना वाटलं होतं, लोक हसतील. निम्म्या लोकांना हरण्या कोण ते ठाऊक नव्हतं, पण सगळ्या घाटाने टाळ्या वाजवल्या. माझे सासरे खाली निशाणापाशी फेटा बांधून उभे होते. मग मामांनी खाली येऊन मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि दाजींच्या मनगटावर बांधलं. म्हणाले, ‘बक्षीस ऱ्हायलं व्हतं.’ ही बातमी मी पुण्याच्या गृहस्थांना फोनवर कळवली. ते म्हणाले, ‘काटा तसाच आहे ना? सरळ करू नका हो.’

आता मामांचं मनगट मोकळं असतं. उन्हाने रापलेल्या हातावर घड्याळाच्या आकाराचा गोरा गोल उठून दिसतो. वडगावात चहा आपल्या मर्जीने उकळतो आणि मामी म्हणतात, ‘घर कसं मुकं झालंय.’ यंदाच्या भाऊबीजेला मामा मांडवगणला आले तेव्हा सासरे शेतात गेले नाहीत. दोघे ओट्यावर शेजारी शेजारी बसले. दोघेही थकलेत, दोघांनाही ऐकायला कमी येतं, आणि गेलेली वर्षं काही कुणाला परत मिळणार नाहीत. आत सासूबाईंनी चहाचं आधण ठेवलं तसा मामांचा उजवा अंगठा सवयीने रिकाम्या मनगटावर गेला. सासऱ्यांनी ते पाहिलं. आपला डावा हात त्यांनी मामांच्या मांडीवर ठेवला, आणि मामांनी त्यांच्या मनगटावरचं बटण दाबलं. चहा उकळला, बाहेर आला, पिऊन झाला, कपबश्या आत गेल्या. बटण परत दाबायची आठवण दोघांनाही झाली नाही.